डबीची मागची बाजू

आईला डॉक्टरांनी 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लिहून दिलंय. दुकानात एका डबीवर 1250 आहे, दुसरीवर 500. 1250 वाली चांगली ना? (सांगली)

बहुधा दोन्ही एकच आहेत. 1250 हे कॅल्शियम कार्बोनेटचं वजन. त्यात निव्वळ कॅल्शियम 40 टक्के, म्हणजे 500. डबीच्या मागे बारीक अक्षरात ‘एलिमेंटल कॅल्शियम’ असं असतं, तो आकडा धरायचा. गोळी जेवणानंतर द्या, कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. हे मी काउंटरवर रोज सांगतो आणि रोज कोणीतरी म्हणतंच, ‘सकाळी सगळ्या एकदम घेतल्या की सुटलो.’

फिश ऑइल 1000 चं घेऊ का? (रत्नागिरी)

1000 हे तेलाचं वजन. मागे ईपीए 180 आणि डीएचए 120 (ही तेलातली ओमेगा-3 आम्लं) असेल तर कामाचं 300 च. भाव करताना 300 चा करा. एक कॅप्सूल टाचणीने टोचून वास घ्या. माशाचा चालेल, खवट नको.

जिममधले दादा सुटं व्हे प्रोटीन अर्ध्या किमतीत देतात. चव छान आहे, पाण्यात लगेच विरघळतं. घ्यावं का? (पुणे, होस्टेल)

नको. चव आणि विरघळणं यावरून काही कळत नाही. प्रयोगशाळेत प्रोटीन सहसा थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून त्यावरून हिशेब काढतात. ग्लायसिन, टॉरिन यांसारख्या स्वस्त पावडरींतही नायट्रोजन असतो. त्या मिसळल्या की कागदावर आकडा फुगतो, अंगाला मात्र काही लागत नाही. म्हणून डब्यावरची घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. ग्लायसिन वरच्या ओळीत दिसलं की डबा खाली ठेवा. ल्युसिन हे प्रोटीनमधलं अमिनो आम्लही बघा. 24 ग्रॅम प्रोटीनमागे साधारण अडीच ग्रॅम असायला हवं. शिवाय स्कूप 33 ग्रॅमचा आणि प्रोटीन 24, म्हणजे 73 टक्के. दोन डबे असे टक्क्यांत ताडा, स्कूपमध्ये नाही. स्पर्धेत उतरत असाल तर ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’चं (खेळात बंदी असलेले पदार्थ मालात आहेत का, हे तपासणारा कार्यक्रम) चिन्ह असलेलं घ्या आणि बॅच क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर जुळवा. दादा मनाने चांगले असतीलही, पण सुट्या पिशवीवर वाचायचं काय?

डब्यावर एफएसएसएआयचा क्रमांक आहे. म्हणजे सरकारने माल तपासलाय ना? (नाशिक)

नाही. तो 14 अंकी क्रमांक म्हणजे एफएसएसएआयने, देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, दिलेला धंद्याचा परवाना. प्रत्येक बॅच कोणी तपासून पास केली, असा त्याचा अर्थ नव्हे. तरी त्यांच्या परवान्यांच्या ‘फॉसकॉस’ संकेतस्थळावर क्रमांक टाका. दुसऱ्याच कंपनीचं नाव आलं तर माल परत करा. नाव जुळलं तर कंपनीला मेल करून तुमच्या बॅचचा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागा. काही कंपन्या दोन दिवसांत पाठवतात, काही गुळगुळीत माहितीपत्रक पाठवतात. आणि ‘मधुमेह मुळापासून बरा’ असं छापलेलं असेल तर एवढाही खटाटोप नको. पूरक आहारावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे.