शहर दाराशी आलेलं जावामधलं गाव: पांगुंगहार्जो आणि त्यातली पांदेस वस्ती

प्रश्न असा आहे: «इंडोनेशियात वाढत्या शहराला लागून असलेलं एखादं छोटं गाव नेमकं कसं चालतं? कारभार कोण बघतं, लोक कशावर जगतात आणि शहर जवळ आल्यावर काय बदलतं?»

इंडोनेशियात सत्तर हजारांहून जास्त गावं आहेत आणि बेटागणिक रीत बदलते. त्यामुळे सरसकट उत्तर देण्यापेक्षा एकच गाव धरून सांगतो. जावा बेटावर योग्यकार्ता शहर आहे. त्याच्या दक्षिणेला, बांतुल जिल्ह्यातल्या सेवोन तालुक्यात पांगुंगहार्जो हे गाव येतं.

योग्यकार्ता शहराची हद्द जेमतेम 32.5 चौरस किलोमीटर आहे आणि ती केव्हाच भरली. म्हणून शहर वाढतं ते उत्तरेला स्लेमान जिल्ह्यात आणि दक्षिणेला बांतुलमध्ये. पांगुंगहार्जो या दक्षिणेच्या वाटेवरच आहे. शहराचा वळसा रस्ता (रिंगरोड) गावातून जातो. गावाच्या हद्दीत 1984 साली स्थापन झालेली राष्ट्रीय कला संस्था आहे, 1911 पासून चालत आलेलं क्राप्याकचं मोठं निवासी इस्लामी विद्यालय आहे आणि सुलतानांच्या शिकारीसाठी बांधलेली पांगुंग क्राप्याक ही जुनी दगडविटांची इमारतही आहे. सुलतानांच्या राजवाड्यातून जाणाऱ्या ज्या उत्तर-दक्षिण अक्षाला युनेस्कोनं 2023 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्याचं हे दक्षिण टोक.

कागदोपत्री हे गाव छोटं नाही. सुमारे 560 हेक्टर क्षेत्र, चौदा वस्त्या आणि वीस हजारांवर माणसं. पण माणूस रोजचं आयुष्य जगतो ते वस्तीत. वस्तीला पादुकुहान म्हणतात आणि तिच्या प्रमुखाला दुकुह. वस्तीच्याही खाली आरटी नावाचा शेजारगट असतो, साधारण तीस ते पन्नास घरांचा. तुम्हाला «छोटं गाव» समजून घ्यायचं असेल तर आरटी आणि वस्ती बघा. गावाचं कार्यालय नंतर बघितलं तरी चालेल.

तरी कारभार थोडक्यात सांगतो. गावाचा प्रमुख लुराह. शहराच्या हद्दीतही लुराह असतात, पण ते सरकारनं नेमलेले नोकरदार. इथला लुराह मतदानानं निवडून येतो आणि ग्राम कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीनंतर देशभरच्या गावप्रमुखांची मुदत आठ वर्षांची झाली आहे. सचिवाला चारिक म्हणतात. सुव्यवस्था आणि जमिनीचं खातं सांभाळणारा तो जागाबाया. बांधकामं आणि पाणी बघणारा तो उलू-उलू. आपल्याकडच्या पाटकऱ्याचं जुनं काम त्याच्याकडे होतं, आता रस्ते-गटारंही आली. देशाच्या 2014 च्या ग्राम कायद्यानंतर, म्हणजे 2015 पासून, गावाला केंद्राचा निधी थेट मिळतो. वर्षाचा जमाखर्च मोठ्या फ्लेक्सवर छापून कार्यालयाबाहेर लावतात. बाजाराला जाता-येता कुणीही आकडे वाचू शकतो आणि लोक ते वाचतातही.

माझ्या मते या गावाचं खरं बळ निधीत नाही, गावाच्या ताब्यातल्या जमिनीत आहे. तिला तानाह देसा म्हणतात. तिचे तीन मुख्य भाग. एक भाग पदावरच्या अधिकाऱ्यांना पगाराच्या जोडीला कसायला मिळतो, तो पलुंगुह. दुसरा निवृत्त अधिकाऱ्यांना हयातीपर्यंत. तिसरा गावाच्या तिजोरीसाठी, तो तानाह कास देसा. मराठी वाचकाला पाटील-कुलकर्ण्यांची वतनं लगेच आठवतील. फरक असा की आपली वतनं वंशपरंपरेनं चालायची आणि ती कायद्यानं गेली. इथला पलुंगुह पदाला चिकटलेला असतो आणि पद सुटलं की गावाकडे परत येतो.

ही जमीन विकता येत नाही. भाड्यानं द्यायची तर गावाचा ठराव पुरत नाही, योग्यकार्ता प्रांताच्या गव्हर्नरची परवानगी लागते आणि 2012 च्या विशेष कायद्यानुसार इथे सुलतानच गव्हर्नर असतात. नियम नेमका कुठे मोडतो तेही सांगतो. बिल्डर थोड्या जागेची परवानगी घेतो, प्रत्यक्षात जास्त जागेवर घरं उठवतो आणि «दीर्घ भाडेपट्टा» म्हणून ग्राहकांना देतो. ग्राहकाला वाटतं घर आपलं झालं, हातात मात्र मालकीचा कागद नसतो. स्लेमान जिल्ह्यातल्या चातुरतुंगाल गावात असंच प्रकरण उघडकीला आलं आणि तिथल्या लुराहला 2023 मध्ये शिक्षा झाली. त्या भागात कुणी स्वस्त घर दाखवलं तर पहिला प्रश्न एकच विचारायचा: जमीन खासगी आहे की गावाची?

खासगी शेतीचं गणित वेगळं आहे आणि शहराचा दाब तिथेच कळतो. जावामधल्या बहुतेक शेतकऱ्यांकडे अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन असते. समजा दहा गुंठे भातखाचर आहे. पाणी नीट मिळालं तर एका हंगामात साडेपाच क्विंटलच्या आसपास ओलं भात निघतं. सरकारनं 2025 साठी ठरवलेला दर किलोला 6,500 रुपिया (इंडोनेशियाचं चलन). म्हणजे हंगामाला साधारण 35 लाख 75 हजार रुपिया आणि भाताचे दोन हंगाम धरले तर साडेएकाहत्तर लाख. यातून नांगरट, खत, लावणीची मजुरी जायची आहे. जमीन अर्धेलीनं कसायला दिली असेल, ज्याला तिथे मारो म्हणतात, तर मालकाच्या हाती निम्मंच. कापणीची कटकट नको म्हणून अनेक जण उभं पीकच व्यापाऱ्याला अंदाजानं विकतात. त्यात पैसा रोख आणि लगेच मिळतो, पण पावसानं भात आडवं झालं की व्यापारी भाव पाडतो आणि शेतकऱ्यापाशी दुसरा पर्याय उरलेला नसतो.

आता दुसरी बाजू बघा. विद्यार्थ्यांना भाड्यानं देण्याच्या खोलीला कोस म्हणतात. तीन मीटर बाय तीन मीटरची खोली, महिना सहा लाख रुपिया धरू. वर्षाचे 72 लाख. म्हणजे नऊ चौरस मीटरची एक खोली दहा गुंठ्यांतल्या भाताच्या दोन हंगामांइतकं देते आणि तिला ना युरिया लागतो ना उंदीर लागतात. कला संस्था आणि विद्यालयाच्या आसपास शेत कोण का राखील, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

रूपांतर एका दिवसात होत नाही. भातखाचर म्हणून नोंदलेल्या जमिनीवर थेट घर बांधता येत नाही, ती बिनशेती करून घ्यावी लागते. जिल्ह्याच्या आराखड्यात ती कायम शेतीसाठी राखलेली असेल (2009 चा संरक्षण कायदा) तर अर्ज फेटाळला जातो. मग मालक आधी भराव टाकतो, केळी लावतो, दोन-चार वर्षं पाणी घेणं बंद ठेवतो आणि «ही आता ओली जमीन राहिलीच नाही» म्हणून पुन्हा अर्ज करतो.

त्या भरावामुळे खालच्या शेतांचं काय होतं ते फारसं कुणी लिहीत नाही. खाचरांना पाणी बांधाकडेच्या हातभर रुंदीच्या चारीतून मिळतं. मधल्या एका तुकड्यावर भिंत उठली की चारी वळवावी लागते किंवा ती सिमेंटच्या पाइपात घालतात. पाइप प्लास्टिकच्या पिशव्यांनी तुंबतो. खालच्याला पाणी उशिरा मिळतं, त्याची लावणी शेजाऱ्यांच्या मागे पडते आणि सगळ्यांचं भात कापून झाल्यावर उरलेल्या त्याच्या एकट्याच्या हिरव्या तुकड्यावर उंदीर आणि चिमण्या तुटून पडतात. वर नव्या घरांचं साबणाचं पाणी त्याच चारीत. दोन हंगाम असे गेले की तोही विकायला काढतो. जमीन सुपीक होती, शेतकरी कष्टाळू होता, तरी शेती गेली. मला या सगळ्यात सर्वांत वाईट वाटतं ते याचं, कारण चारीची उघडी वाट नकाशावर आधीच राखली तर हे टाळता येतं.

पाण्याचाच दुसरा प्रश्न विहिरींचा. घराघरांत उथळ विहीर आणि सेप्टिक टाकी असते. दोन्हींत किमान 10 मीटर अंतर असावं असा दंडक आहे. शंभर चौरस मीटरच्या प्लॉटवर ते स्वतःच्या हद्दीत कसंबसं जमतंही, पण शेजाऱ्याची टाकी नेमकी तुमच्या विहिरीच्या भिंतीपलीकडे येते. नव्या वसाहतीत घर बघताना शेजारच्या तिन्ही बाजूंच्या टाक्या कुठे आहेत ते विचारून घ्यावं. पाणी उकळूनच प्यायची सवय तिथे घरोघरी आहे.

आता कचरा. पांगुंगहार्जोचं नाव देशभर झालं त्यात याचा मोठा वाटा आहे. लुराह वाह्युदी अंगोरो हादी यांच्या काळात, 2013 मध्ये, गावानं स्वतःची कंपनी काढली, पांगुंग लस्तारी. कचरा उचलणं हा तिचा पहिला धंदा. घराकडून महिन्याची फी घ्यायची, गाडी दारात न्यायची आणि गावातल्या शेडमध्ये वर्गीकरण करायचं: ओला, भंगारात विकला जाणारा आणि कशालाच न चालणारा. ऐकायला सोपं आहे. अडतं ते घरातच. ओलं-सुकं एकत्र आलं की भाजीचं पाणी कागदात मुरतं, कागदाचा भाव जातो, प्लास्टिक धुवायला पाणी आणि माणूस लागतो आणि वर्गीकरणाची मजुरी विक्रीतून निघत नाही. शेवटच्या ढिगात सर्वांत जड असतात ते बाळांचे डायपर. त्यांचं काहीच होत नाही, ते डेपोतच जातात.

आणि डेपो बंद पडला. शहर, स्लेमान आणि बांतुल तिघांचा कचरा घेणारं पियुंगान इथलं मैदान जुलै 2023 मध्ये भरल्यामुळे तात्पुरतं बंद झालं आणि 2024 मध्ये कायमचं. शहरात रस्त्याकडेला ढीग लागले. ज्या गावांत कचरा आधीच वेगळा होत होता, तिथे निदान ढीग किती लहान करायचा हे माहीत होतं.

याच कंपनीनं तळणाचं वापरलेलं तेलही गोळा केलं. घरोघरी बाटलीत साठवलेलं तेल गाळायचं, खाली बसू द्यायचं, त्यातलं पाणी काढायचं आणि कारखान्याला इंधन म्हणून विकायचं. यात गोची होते ती पाण्याची. तेलात पाणी राहिलं तर बर्नर तडतडतो आणि पूर्ण टाकी परत येते. म्हणून बाटली घेतानाच उजेडात धरून तळ बघतात. पुढे 2017 मध्ये गावाच्या जमिनीवर, वळसा रस्त्यालगत, लाकडी जावानी घरं उभी करून कामपुंग मातारामान हे भोजनगृह काढलं. फणसाची भाजी, नारळाच्या रसातली लोदेह, चुलीवरचा स्वयंपाक. हातात घेण्यासारखी कल्पना हीच वाटते: जमीन न विकता तिच्यावर शहराचा पैसा गावात आणायचा.

पांदेस ही गावाच्या चौदा वस्त्यांपैकी एक, कागद-बांबूच्या खेळण्यांची. वाऱ्यावर फिरणारी कितिरान, कागदी छत्री, कागदी वायांग (छायानाट्याच्या) बाहुल्या आणि ओथोक-ओथोक. या शेवटच्या खेळण्यात बांबूच्या दांड्याला कागद ताणून चिकटवलेली छोटी डफली असते. फिरवलं की बांबूचा दात काडी उचलतो, सोडतो आणि काडी कागदावर टकटक आपटते. कागद सैल राहिला तर आवाज मरतो आणि बांबू ओला असताना काम केलं तर वाळल्यावर दाते वाकतात. बनवणाऱ्या बहुतेक वयस्क बायका. प्लास्टिकच्या खेळण्यांनी बाजार नेला, त्यामुळे आता विक्रीपेक्षा शाळांच्या सहलींना शिकवणं हा मिळकतीचा बरा मार्ग आहे.

27 मे 2006 च्या पहाटेच्या भूकंपात बांतुल जिल्हा सर्वांत जास्त उद्ध्वस्त झाला. एकूण 5,700 हून अधिक माणसं गेली. लोखंड नसलेल्या वीटभिंतींनी जीव घेतला. घरबांधणीची मदत शेजारी घरांचे गट करून, हप्त्याहप्त्यानं दिली गेली आणि गट मिळून एकेक घर उभं करत गेले. हे इतक्या चटकन जमलं ते आरटी आधीपासून जिवंत होत्या म्हणून.

आरटी जिवंत कशी राहते ते जिम्पितानमध्ये दिसतं. प्रत्येक घराच्या दर्शनी खांबाला खिळ्यावर एक डबी किंवा कापलेली बाटली टांगलेली असते. रात्री झोपण्याआधी घरातलं कुणीतरी तिच्यात चिमूटभर तांदूळ किंवा पाचशेचं नाणं टाकतं. गस्तीची पाळी असलेली माणसं मध्यरात्रीनंतर डब्या रिकाम्या करतात, वहीत घरागणिक खूण करतात. पैशांतून रस्त्याचा दिवा, आजाऱ्याला भेट, मयताचं सामान. डबी दोन-तीन रात्री रिकामी राहिली तर पैसे मागायच्या आधी दार वाजवून «सगळं बरं आहे ना» विचारतात, खासकरून एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी.

शहरातून आलेल्या कुटुंबांशी पहिला खटका इथेच उडतो. ते गस्तीला येत नाहीत, महिन्याची रक्कम एकदम देऊन टाकतात. पैसा येतो, पण रात्री दोनला जागं असणारं माणूस एकानं कमी होतं. कुंपणबंद वसाहती तर स्वतःचा पहारेकरी ठेवतात आणि आरटीच्या बैठकीला कुणी फिरकत नाही.

तुम्ही तिथे जाणार असाल तर मुक्काम करताच चोवीस तासांच्या आत आरटी प्रमुखाला सांगा. वस्तीच्या तोंडाशी तशी पाटीच असते. पासपोर्टची प्रत आणि घरमालक सोबत असला की काम पाच मिनिटांत होतं. खेळणी बघायला परवानगी लागत नाही, आधी कळवलं की पुरे. अभ्यासासाठी मुलाखती घ्यायच्या असतील तर परदेशी नागरिकाला इंडोनेशियाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेची, ब्रिनची, परवानगी आधी काढावी लागते. तो कागद हातात असला की आधी चारिककडे जा, लुराहकडे नंतर. जमिनीची जुनी नोंदवही पुढ्यात मागायची असेल तर जागाबायाला वेळ विचारा आणि सकाळीच जा.