पर्सनल ट्रेनर एकट्यासाठी की ग्रुपमध्ये?

आधी सांग, गुडघा, कंबर, बीपी अशी काही तक्रार आहे का? असेल तर सुरुवातीला एकट्यासाठीच ट्रेनर घे, तिथे पैशांकडे बघू नकोस. स्क्वॉट्स मारताना टाचा उचलल्या जातात, गुडघे आत वळतात, डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून वजन उचलताना, पाठ गोल होते. आपलं आपल्याला आरशातही धड कळत नाही. तब्येत ठणठणीत असेल तर तीन-चार जणांचा ग्रुप बेस्ट. खर्च वाटला जातो, आणि सकाळी सहाला बाकीचे वाट बघतायत म्हटल्यावर दांडी मारवत नाही. (दहा जण कोंबले की तो ग्रुप नाही, जत्रा.) पैसे भरण्याआधी एक बॅच नुसती उभं राहून बघ: ट्रेनर प्रत्येकाला झेपेल तेवढंच वजन लावतो, की मोबाइलमध्येच डोकं? आणि वर्षाचं पॅकेज लगेच घेऊ नकोस, कितीही डिस्काउंट दाखवू देत.