परत आलेले ९ किलो

प्रिय काकू,

मी ३९ वर्षांची, सांगलीत विश्रामबागला राहते, शाळेत शिकवते. अडीच वर्षांपूर्वी पुण्यात वजनाचं ऑपरेशन केलं, स्लीव्हचं. ११२ किलो होते, दीड वर्षात ७१ वर आले. गेल्या वर्षभरात परत ८० झाले. खर्चासाठी सासूबाईंनी स्वतःच्या पाटल्या मोडल्या होत्या. आता रोज ऐकवतात, "पाटल्या गेल्या आणि वजन परत आलं." त्या आणि मिस्टर सोडून ऑपरेशनचं कुणालाच माहीत नाही, पित्ताचे खडे काढले असं सगळ्यांना सांगितलंय.

जेवण माझं खरंच कमी आहे. अर्धी भाकरी, दोन चमचे भाजी, की पोट भरतं. बाकी स्टाफरूममध्ये थोडं भडंग आणि मिस्टरांचा बेदाण्याचा व्यापार असल्यामुळे येता-जाता चार बेदाणे, एवढंच. वजन उतरावं म्हणून गुरुवार आणि संकष्टी धरते. तरी काटा चढतोच. वर्षभर डॉक्टरांकडे गेले नाही, काय तोंड घेऊन जाऊ? गोळ्या संपल्या त्याही परत आणल्या नाहीत. हल्ली पायाला मुंग्या येतात, उभं राहून शिकवल्यामुळे असेल. यूट्यूबवर पाच दिवस नुसतं पातळ घेऊन पोट परत लहान करायचा उपाय सांगतात, तो करू का? जाऊबाईंच्या भावाचं मेडिकल आहे, तो वजनाचं इंजेक्शन मिळवून देतो म्हणतोय. की परतच ऑपरेशन करावं लागेल?

कुणी "परत भरलीस की गं" म्हटलं की घरी येऊन रडते, आणि रडता रडता डबा उघडून खाते.

– सांगलीची एक

*

बाई गं, आधी तुझ्या पायांचं बोलू, वजनाचं मागाहून.

तू मुंग्यांना पत्रात एक ओळ दिलीस आणि तीही उभं राहण्यावर ढकललीस. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात, उरते ती एक अरुंद नळी. अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व अंगी लागायला जे आम्ल आणि जो घटक जठरात तयार व्हावा लागतो, तो त्यामुळे कमी होतो. यकृतात बी-१२चा साठा असतो, त्यामुळे पहिली वर्ष-दोन वर्षं काही जाणवत नाही. मग साठा संपत येतो, आणि तू गोळ्या सोडलेल्या असतेस. मुंग्या, बधिरपणा, थकवा, विसरभोळेपणा ही त्याची चिन्हं असू शकतात. हे जितकं लांबवशील तितकं नसांचं नुकसान भरून यायला अवघड होतं, कधी पूर्ण भरून येतच नाही. म्हणून याच आठवड्यात रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड, थायरॉइड, साखर. त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. मिरज शेजारी आहे, तिथं डॉक्टरांना काय तोटा! तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांना सांग, पण खरं ऑपरेशन सांग. पित्ताच्या खड्यांची गोष्ट तिथं चालणार नाही, कारण मग ते मुंग्यांवर भलतंच औषध देतील. आणि सारख्या उलट्या होत असतील, चालताना झोक जात असेल, एकाचे दोन दिसत असतील, तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ती बी-१ची कमतरता असू शकते आणि ती थांबत नाही.

गोळ्या या ऑपरेशननंतर जन्मभराच्या असतात. मल्टिव्हिटामिन, बी-१२, ड, कॅल्शियम सायट्रेट, लागेल तसं लोह. किती घ्यायच्या ते डॉक्टर रिपोर्ट बघून ठरवतील. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घ्यायचं नाही, मध्ये दोन तास जाऊ देत. लोहाची गोळी चहाबरोबर तर मुळीच नको.

आता ९ किलो. ऑपरेशननंतर वजन बहुतेकांचं वर्ष ते दीड वर्षात सगळ्यात खाली जातं आणि तिथून थोडं वर येतं. जठराचा जो भाग काढतात तिथंच भुकेचं एक संप्रेरक मुख्यतः तयार होतं, त्यामुळे सुरुवातीला भूक जवळजवळ विसरायला होते. हळूहळू शरीर सावरतं, भूक परत येते. त्यात ४० किलो उतरलेलं शरीर आधीपेक्षा कमी कॅलरीत भागवायला शिकलेलं असतं. म्हणजे ७१ हा काटा एका दिवसाचा होता, मुक्कामाचा नव्हता. तू ११२ वरून आजही ३२ किलो खाली आहेस. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. ९ पैकी काही किलो असे आपसूक आले असतील. पण सगळे नाही. उरलेल्यांचा माग तूच पत्रात ठेवलायस.

"थोडं भडंग" आणि "चार बेदाणे."

अगं, अर्ध्या भाकरीत तुझं पोट भरतं, कारण भाकरी-उसळ त्या अरुंद नळीत बसून राहते. भडंग तसं बसत नाही. चुरमुरे तोंडात विरघळतात आणि चाळणीतून रवा जावा तसे खाली जातात. म्हणून मधल्या सुट्टीभर खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटत नाही, आणि तेल-शेंगदाण्याच्या कॅलरी मात्र सगळ्या जमा. चहात बुडवलेली खारी, टोस्ट, फरसाण, आइस्क्रीम, वाडीची बासुंदी, उसाचा रस, सगळे याच जातीचे. माझ्याकडे या ऑपरेशनची जी पत्रं येतात त्यांत "जेवण कमी आहे" हे वाक्य असतंच, आणि ते खोटं नसतं. जेवण खरंच कमी असतं.

बेदाण्याचं तर व्यापाऱ्याच्या बायकोला मी काय सांगू. १०० ग्रॅममध्ये साधारण ३०० कॅलरी. लहानशी मूठ ३० ग्रॅमची धर. अशा दोन मुठी म्हणजे एक ज्वारीची भाकरी, आणि त्यात प्रथिनं नावालाच. तू अर्ध्या भाकरीवर उठतेस आणि पोत्याशेजारून चार-पाच वेळा जातेस. पोती घरातून हलवता येत असतील तर हलव. नसतील तर त्या खोलीला कुलूप लावायला सांग आणि किल्ली मिस्टरांकडे राहू दे. तुझ्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे गं, त्या खोलीवरून दिवसातून दहादा जाणाऱ्या कुणाचाही हात जाईल.

मग खायचं काय? ऑपरेशननंतर दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत असं सांगतात. तुझी भाकरी-भाजी मिळून पंधरा-वीसच्या पुढे जात असेल असं वाटत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७, वाटीभर घट्ट वरणात तेवढीच, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९, सोयाच्या २५ ग्रॅम कोरड्या वड्यांत १२-१३. बुधवार-रविवारी घरात मटण-चिकन होत असेल तर रस्सा कमी, फोडी जास्त. ताटात बसलीस की आधी प्रथिनं, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी. आपल्याकडे भाकरीनं सुरुवात करायची सवय आहे, तिथंच ती जागा भरते. जेवताना पाणी नाही, नंतर अर्ध्या तासानं. पाणी बरोबर घेतलं की घास पुढे ढकलला जातो आणि लवकर पोट रिकामं होतं. मधल्या सुट्टीत डब्यात उकडलेलं अंडं, मोडाची उसळ, घट्ट दही किंवा मोजून घेतलेले फुटाणे. चहा किती कप आणि साखर किती ते तू लिहिलं नाहीस. चार कप आणि कपाला दोन चमचे असतील, तर त्या आठ चमच्यांचा हिशेब लाव.

उपासाचं ऐकून रागावू नकोस. श्रद्धेनं धरत असशील तर मी कोण बोलणार. पण वजनासाठी धरत असशील तर सोड, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ. त्या दिवशी प्रथिनं मिळत नाहीत, स्नायू झिजतात, आणि स्नायू झिजले की शरीराला लागणाऱ्या कॅलरी आणखी कमी होतात. धरायचाच असेल तर दूध, दही, पनीर, थोडे शेंगदाणे यांवर धर. खिचडीचं पातेलं मुलांसमोर ठेव.

स्नायूंसाठीच चालण्याच्या जोडीला जोराचा व्यायाम हवा. सकाळी हरिपूर रस्त्यानं किंवा आमराईत चालतेस की नाही ते कळव. आठवड्याला १५० मिनिटं तरी भरभर चालायला हवं. शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, भिंतीला हात लावून रेटे. जिमची फी भरली नाही म्हणून यातलं काही अडत नाही.

पाच दिवसांच्या पातळ खाण्यानं जठर लहान होत नाही. नळी थोडी ताणलेली असली तरी ताक-सूप तिला शिवून देत नाही. पाच दिवसांत उतरतं ते बहुतेक पाणी, सहाव्या दिवशी भडंग. करू नकोस.

इंजेक्शनचं मात्र मी सरसकट नाही म्हणणार नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची ती औषधं ऑपरेशननंतर वजन चढलेल्यांनाही डॉक्टर देतात आणि त्यांचा उपयोग होतो. पण ती तुझं आधीच कमी असलेलं जेवण आणखी कमी करतात, मळमळ-उलट्या होऊ शकतात. ज्या बाईचं बी-१२ तपासलेलं नाही आणि प्रथिनं पंधरा ग्रॅम आहेत, तिला ते जाऊबाईंच्या भावानं द्यायचं नाही. डॉक्टरांशी बोल. परत ऑपरेशनचंही तसंच. ते होतं, स्लीव्हचं बायपास करतात, म्हणजे आतड्याच्या काही भागाला वळसा घालून अन्न पुढे नेतात, पण आत दुर्बिणीनं तपासल्यावर आणि बाकी सगळं करून झाल्यावर. ९ किलोला आधी तिकडे धावायचं नसतं.

आता "काय तोंड घेऊन जाऊ." हे वाक्य वाचून मला खरंतर तुझा राग आला, मग नाही आला. मधुमेहाचा माणूस साखर वाढली म्हणून डॉक्टरांना टाळतो का? टाळतो, अगदी बरोबर, आणि मग पाय गमावतो. तुझ्या सर्जनकडे वजन परत आलेले पेशंट नेहमी येतात. त्यांच्याकडे आहारतज्ज्ञ असतो, समुपदेशक असतो, तू त्यांचेही पैसे पाटल्यांतूनच दिलेस. रडत डबा उघडते असं जे लिहिलंस ते समुपदेशकासमोर तसंच सांग. ती सवय ऑपरेशनच्या आधीची असते. जठर कापलं म्हणून ती जात नाही.

लोकांना काय सांगायचं हे तुझ्यावर आहे. स्टाफरूमला तुझं पोट दाखवायची गरज नाही. पण खोटं सांभाळायला तुला रोज खावं लागतंय, नाही तर "एवढंसं का?" होतं. एक वाक्य ठरवून ठेव: "डॉक्टरांनी थोडं थोडंच खायला सांगितलंय." ते खरंही आहे. "परत भरलीस" म्हणणारीला उत्तर द्यायचं तुझ्यावर बंधन नाही. "हो, बघते आता" म्हणून भाजीची पिशवी उचलावी.

सासूबाईंचं जरा वेगळं आहे. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सुनेच्या ऑपरेशनला स्वतःच्या पाटल्या मोडणारी सासू मला फार भेटलेली नाही. आपल्याकडे सासू सुनेला पाटल्या देते ते लग्नात, आणि त्यावरही डोळा ठेवून असते. या बाईंनी हातातल्या काढल्या. आता त्या रोज टोचतात. ते चुकीचंच आहे, त्यानं तू जास्त खातेस, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. पण मला वाटतं त्यांना सोन्याइतकीच काळजी तुझीही आहे. वजन परत आलं म्हणजे सगळं फुकट गेलं, सून परत आजारी पडणार, असं त्यांना वाटतंय, कारण दीड वर्षानंतर वजन का चढतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. तुलाही नव्हतं सांगितलं. ऑपरेशनआधी तुझी साखर, रक्तदाब काय होता आणि आता काय आहे, ते दोन्ही कागद काढून त्यांच्यासमोर ठेव. नीट उतरलं असेल तर पाटल्या कुठं गेल्या ते त्यांना तिथं दिसेल.

आणि डॉक्टरांकडे जाताना त्यांना बरोबर ने. मिस्टर नको, ते गाडी चालवतील आणि बाहेर बसून फोन बघतील. सासूबाईंना आत घेऊन बस. घरात स्वयंपाक कोण करतं ते तू लिहिलं नाहीस, पण गुरुवारी साबुदाणा कोण भिजवतं याचा मला अंदाज आहे. आधी अंडं-वरण, मग भाकरी, हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांनी ऐकलं तर तुला घरात वाद घालावा लागणार नाही. पुण्याला लगेच जमत नसेल तर रिपोर्ट हातात घेऊन दवाखान्यात फोन कर, व्हिडिओवर भेटता येतं का विचार, आणि फोन सासूबाईंनाही दिसेल असा धर.