मुलाला सकाळी अंगात ताप असेल तर औषध देऊन शाळेत पाठवावं का?

मुलगी पहिलीत आहे, सकाळी अंग कोमट लागतं, दोघांनाही कामावर जायचं असतं, मग पॅरासिटामोल पाजून पाठवलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: नका पाठवू.

आम्ही फोंड्याला राहतो. मुलगा दुसरीत असताना जुलैमध्ये मी नेमकं हेच केलं होतं. सकाळी सहाला सिरप पाजलं, सव्वासातला अंग गार लागलं, बालरथ (आमच्या गोव्यातली शाळेची बस) आला, मी मुलाला चढवलं. अकराला बाईंचा फोन. जाऊन बघते तर पोर बाकावर डोकं टेकून बसलेलं, एसी नाही, पंखा बंद, तरी कुडकुडत होतं. कपाळाला हात लावला तर चटका बसला. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "आई, मी तुला सकाळीच सांगितलं होतं." ते अजून मनातून जात नाही.

पॅरासिटामोलचा असर चार ते सहा तास. औषधानं ताप उतरतो, आजार जात नाही, आणि असर संपतो तो नेमका वर्गात. शिवाय पावसात बालरथाच्या काचा बंद, सगळी पोरं एकमेकांना चिकटून बसलेली. म्हणजे आपलं एकट्याचं राहत नाही.

तेव्हापासून माझा हिशेब असा: १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर घरी. काखेत मोजलेला ताप थोडा कमी दिसतो, तेही लक्षात घ्या. औषध न देता पूर्ण २४ तास ताप आला नाही, तरच शाळा. उलट्या-जुलाब असतील तर थांबल्यावरही ४८ तास थांबते. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत पाठवत नाही. नुसतं नाक वाहतंय, पण पोर खेळतंय, पेज मागून घेतंय, तर खिशात रुमाल देऊन खुशाल पाठवा. ताप नसला तरी आवडीची पेजही नको म्हणून कोपऱ्यात पडून असेल, तर मी थर्मामीटरपेक्षा त्या पेजेच्या वाटीवर विश्वास ठेवते.

आपल्याकडे पावसाळ्यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ताप डेंग्यूचा असेल तर तो उतरतो तेव्हाच धोका वाढू शकतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. म्हणून अशा दिवसांत ताप गेला की लगेच दप्तर काढू नका. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पोर सुस्त पडणं, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा, गाडी नसेल तर १०८ लावा. आणि डेंग्यूची शंका असताना डॉक्टरांना न विचारता आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन अजिबात देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

राहिला रजेचा प्रश्न, तो खरा कठीण. आम्ही रात्रीच ठरवतो, उद्या कोण थांबणार. माझी रजा संपली असेल तर हे थांबतात, नाहीतर डिचोलीहून सासूबाईंना बोलावतो. सकाळी सातला, गॅसवर चहा आणि दारात बालरथ असताना ठरवायला गेलं की हात सिरपच्या बाटलीकडेच जातो. रात्री ताप मोजलात की वेळ आणि आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.