वाचकांचे प्रश्न : क्लॉक वाढवला आणि एसएसडी गायब

प्रश्न : माझ्याकडे आय-५ २४०० प्रोसेसर आणि झेड६८ चिपसेटचा मदरबोर्ड आहे. थोडा वेग मिळावा म्हणून बायोसमध्ये बीसीएलके (बेस क्लॉक, मेगाहर्ट्झमध्ये) १०० वरून १०६ केला. तेव्हापासून साटा एसएसडी कधी दिसते, कधी नाही. डीव्हीडी ड्राइव्ह मात्र दिसतो. एसएसडी गेली का?

उत्तर : बहुधा नाही, नवी आणायची घाई नको. तुमचा प्रोसेसर इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीतला (२०११). तीत प्रोसेसर, मेमरी, पीसीआय एक्स्प्रेस (कार्डांचा मार्ग) आणि साटा (ड्राइव्हचा मार्ग) हे सगळे एकाच बेस क्लॉकवर चालतात. तो ६ टक्के वाढवला की साटाही तेवढाच पळतो. एसएसडीचा क्रिस्टल (गतीचा ठोका देणारा भाग) मात्र तिचा स्वतःचा, त्यामुळे ती ठरलेल्या गतीलाच राहते. साटाच्या नियमात एरवी जेमतेम ०.०३५ टक्के फरक चालतो. लिंक जुळलीच नाही, तर बायोसला ड्राइव्ह दिसणार कशी? डीव्हीडी ड्राइव्ह दीड गिगाबिटच्या संथ लिंकवर तग धरून असावा.

बीसीएलके ‘ऑटो’वर न सोडता १००.०० असा हाताने टाका. सेव्ह करून नुसतं रीस्टार्ट नको. एसएमपीएसचं (पॉवर सप्लायचं) बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. स्क्रीनच येत नसेल तर विजेची वायर काढून मदरबोर्डवरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या) पिना दहा सेकंद जोडा.

एसएसडी दिसू लागली की क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्ह तपासायच्या प्रोग्रॅममध्ये सी७, म्हणजे सीआरसी एररचा (डेटा नेता-आणताना झालेल्या चुकांचा) आकडा लिहून ठेवा. तो मागे कधीच येत नाही, पण १०० वर आठवडाभर वापरूनही वाढत राहिला तर साटा केबल बदला. डेटा लिहिता लिहिता ड्राइव्हचा संपर्क तुटला असल्याने विंडोजचा चेकडिस्कही एकदा चालवा.

वेगच हवा तर मल्टिप्लायर (बेस क्लॉकला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो) वाढवा. नावात के (मल्टिप्लायर पूर्ण खुला असल्याची खूण) नसलेला हा प्रोसेसरही झेड६८वर टर्बोच्या (आपोआप मिळणाऱ्या जादा वेगाच्या) चार पायऱ्या वर जातो : ३४ ऐवजी ३८, म्हणजे एका कोअरला ३.८ गिगाहर्ट्झ. १०६ ने ३.६ च मिळत होते.

प्रश्न : रोज सकाळी तारीख मागे गेलेली असते आणि ‘बूट डिव्हाइस नाही’ असा संदेश येतो.

उत्तर : बायोसची तारीख आणि सेटिंग जपणारा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला. चुकीच्या तारखेने डिस्क लपत नाही. सेटिंग पुसल्याने साटा मोड (ड्राइव्हशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून आयडीई किंवा रेडवर जातो, बूटचा क्रमही बदलतो. नवा सेल घाला आणि विंडोज टाकताना जो मोड होता तोच ठेवा, नाहीतर निळा स्क्रीन येईल.