दर महिन्याला 50 हजार कुठून येणार?

माझ्या करिअर मार्गदर्शनाच्या ऑफिसात बेळगावजवळच्या येळ्ळूरहून एका वडिलांचं चार पानी पत्र आलंय. थोडक्यात असं: मुलगा बेळगावातून मेकॅनिकलचा बीई झालाय, सीजीपीए 6.9, एक विषय राहिला होता तो नंतर सुटला. एजंटानं इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचं 'इंटरनॅशनल बिझनेस मॅनेजमेंट'चं ऑफर लेटर आणून दिलंय, फी 16,000 पौंड. रस्त्याकडेचे 20 गुंठे विकून 22 लाख उभे करायचे ठरलंय. डिपॉझिटची मुदत महिनाअखेर. आणि शेवटी: "पोरगं ऐकेना झालंय, तुम्ही जरा समजावून सांगा."

नमस्कार,

पत्र दोनदा वाचलं. तुम्ही सीजीपीएबद्दल पानभर काळजी केलीय, ती सोडा. 6.9 वर जगात कुणाचं काही अडलेलं नाही. मी अडकलो ते तिसऱ्या पानावर. तिथं तुम्ही लिहिलंय, "सहा महिन्यांनंतर तो महिन्याला 50 हजार पाठवेल, त्यातून धाकटीचं लग्न काढतो."

हे कुणी सांगितलं? मुलानं? पत्रात मुलाचं बोलणं असं एकही नाही. त्याचा उल्लेख मार्कांत येतो, खर्चात येतो, मग थेट पैसे पाठवताना येतो. तो ऐकेना झालाय एवढं कळतं, पण त्याचं म्हणणं काय ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं विचारलेलंही नसेल. राग मानू नका. माझ्यासमोर खुर्चीत बसणाऱ्या दहांपैकी सात वडिलांचं असंच असतं. मुलगा शेजारी बसलेला असतो आणि त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वडील देतात.

तुमचाच आकडा घेऊन बसू. पौंडाला सोयीसाठी 120 रुपये धरतो. 50 हजार म्हणजे 417 पौंड. विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या मुलांना कॉलेज चालू असताना आठवड्याला फार तर 20 तास काम करता येतं. तिथला किमान वेतनाचा दर, 21 वर्षं पुरी झालेल्यांसाठी, एप्रिल 2026 पासून तासाला 12.71 पौंड. सगळे 20 तास, एकही आठवडा न चुकता मिळाले, तर महिन्याला सुमारे 1,100 पौंड. आता दुसरी बाजू. लंडनबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला जगायला महिन्याला 1,171 पौंड लागतात, असं तिथलं सरकारच धरतं (लंडनमध्ये 1,529). म्हणजे पुरं काम मिळालेला मुलगाही सरकारी किमान खर्चाला 70 पौंड कमी पडतो. त्यातून तुम्हाला 417 गेले, की त्याच्या हातात राहतात 680 आणि काही. त्यात खोलीचं भाडं, खाणं, बस. इंग्लंडात बसच्या एका फेरीला कमाल 3 पौंड हा बांधून दिलेला दर आहे. 2024 संपेपर्यंत तो 2 होता. विद्यार्थ्यांचे पास असतात, पण पहाटेच्या गोदामातल्या शिफ्टला जाणारी बस त्या पासात बसेलच असं नाही.

बेळगावच्या शहापुरातल्या एका घरातली गोष्ट सांगतो. पोरगा दर महिन्याच्या पाच तारखेला 40 हजार पाठवायचा. आई गल्लीत सांगायची, कुंदा वाटायची. आठ महिन्यांनी तो परत आला आणि माझ्या ऑफिसात येऊन बसला. मोबाईल उघडून त्यानं खर्चाची यादी दाखवली. कपडे धुवायच्या मशीनपुढं '4 पौंड' आणि कंसात 'पुढच्या पंधरवड्याला'. तांदळाच्या 10 किलोच्या पिशवीपुढं तारीख, ती कधीपर्यंत पुरवायची त्याची. आणि मग त्यानं सांगितलं की घरी जाणारे पैसे पगाराचे नव्हतेच. फीच्या शेवटच्या हप्त्यासाठी घरून आलेल्या रकमेतून तो दर महिन्याला काढून घरीच परत पाठवत होता. हप्ता थकला, विद्यापीठानं नाव काढलं, नाव काढलं की व्हिसा तोडला जातो. मी विचारलं, अरे घरी सांगायचं की. तर म्हणाला, "सर, पाच तारखेला फोन यायचा. पैसे आले का असं कुणी विचारायचं नाही. बरा आहेस न्हवं, एवढंच विचारायचे. पण पाच तारखेलाच विचारायचे."

तुमचं पत्र वाचताना मला तो आठवत होता.

आता एजंटाच्या एका वाक्याबद्दल. तुम्ही लिहिलंय, "फंड 28 दिवस खात्यात दाखवायचा असतो, पतसंस्थेतून मिळतो, मग परत करायचा." शो मनी, शो मनी करत हा समज निपाणीपासून खानापूरपर्यंत पसरलाय आणि त्यानं जेवढी घरं बुडवलीत तेवढी कमी मार्कांनी बुडवली नसतील. एक तर हे खोटं आहे. पैसे स्वतःचे, आईवडिलांचे किंवा बँकेच्या शैक्षणिक कर्जाचे असावे लागतात, आणि फसवणूक उघडकीला आली तर नुसता व्हिसा नाकारत नाहीत, 10 वर्षांची बंदी घालतात. दुसरं त्याहून महत्त्वाचं. ती रक्कम दाखवण्यासाठी नसतेच, ती खाण्यासाठी असते. मुलगा उतरल्या दिवसापासून त्यातूनच जगणार. तुम्ही ती 29व्या दिवशी काढून घेतली तर तो जगणार कशावर? आणि हिशेबही अपुरा आहे. नियमात 9 महिन्यांचेच धरतात, 1,171 गुणिले 9, म्हणजे 10,539 पौंड. कोर्स मात्र 12 महिन्यांचा. उरलेल्या तीन महिन्यांचे 3,500 पौंड एजंटाच्या कागदावर कुठंच नाहीत.

मग सरकारी फी. व्हिसाचा अर्ज ऑक्टोबर 2023 मध्ये 363 पौंडांवरून 490 झाला, एप्रिल 2025 मध्ये 524. तुम्ही भराल त्या दिवशी काय असेल ते ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर बघा, एजंटाच्या पत्रकावर नको. त्याच्यावर हेल्थ सरचार्ज. तिथल्या सरकारी दवाखान्यांचा हा आगाऊ पट्टी-कर. विद्यार्थ्यांसाठी 2015 मध्ये वर्षाला 150 पौंड होता, मग 300, मग 470, आणि फेब्रुवारी 2024 पासून 776. कोर्स एक वर्षाचा असला तरी व्हिसा त्याहून चार-पाच महिने जास्तीचा मिळतो, म्हणून दीड वर्षाचे 1,164 पौंड घेतात, तेही अर्जासोबत एकरकमी. व्हिसा नाकारला तर सरचार्ज परत येतो, अर्जाची फी येत नाही. टीबीच्या तपासणीला बेळगावबाहेर जावं लागतं, तो खर्च वेगळा.

सगळं मांडलं तर असं होतं: फी 19 लाख 20 हजार, व्हिसा आणि सरचार्ज मिळून 2 लाख, वर्षभराचं जगणं जवळपास 17 लाख. 38 लाख, विमानाचं तिकीट सोडून. तुम्ही धरलेत 22. वर बँकेचं कर्ज घेऊ म्हणाल, तर साडेसात लाखांच्या वर बँक सहसा तारण मागते, आणि शेतजमीन तारण घ्यायला बँका तयार नसतात, कारण कर्ज बुडालं तर ती नेहमीच्या मार्गानं जप्त करता येत नाही. म्हणून तर एजंट 'विकून टाका' म्हणतो. त्याचं काय जातंय? बऱ्याच विद्यापीठांकडून त्याला प्रवेशामागं कमिशन मिळतं, तुमच्याकडून घेतले ते वेगळेच.

कोर्स संपल्यावर दोन वर्षं राहता येतं, असंही त्यानं सांगितलंय. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना ते दीडच वर्ष आहे. तुमचा मुलगा या सप्टेंबरला गेला तर त्यातच येतो. त्या व्हिसाची फी (2025 मध्ये 880 पौंड होती) आणि वर्षाला 1,035 पौंडांचा सरचार्ज, म्हणजे आणखी पावणेतीन-तीन लाख. पुढं नोकरीवर कायम राहायचं तर पगाराची सर्वसाधारण अट जुलै 2025 पासून वर्षाला 41,700 पौंड झालीय, नव्यानं पदवी घेतलेल्यांना 33,400. 'इंटरनॅशनल बिझनेस मॅनेजमेंट' करून आलेल्या, मेकॅनिकलचा एक दिवसाचाही अनुभव नसलेल्या मुलाला तेवढा पगार कोण देणार? हा कोर्स त्याला का दिला माहीत आहे? त्या कोर्सला कुणालाही प्रवेश मिळतो म्हणून.

आता स्पष्ट सांगतो. डिपॉझिट भरू नका. एजंटाला दिलेले पैसे गेले असं समजा. शेत विकू नका.

मुलानं कुठं जाऊच नये असं माझं म्हणणं नाही. इथल्याच कारखान्यांत, उद्यमबागेत, मच्छ्याला, विमानांचे भाग बनवणाऱ्या हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये दोन वर्षं मशीनवर आणि डिझाइनवर काढू दे. पहिला पगार तुम्हाला चारचौघांत सांगायला लाज वाटेल इतका असेल, तरी काढू दे. त्या दोन वर्षांत त्याला परदेश हवाच असं वाटलं, तर जर्मनीकडं बघता येईल. तिथं बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही (बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात बाहेरच्यांना सत्राला 1,500 युरो आहे). फुकट मात्र नाही. वर्षाचे 11,904 युरो आधी बंद खात्यात टाकावे लागतात आणि तिथं पोचल्यावर त्यातले 992 दर महिन्याला त्याचे त्यालाच मिळतात. तिथं 'दाखवून परत' हा खेळच नाही. कागदपत्रांच्या पडताळणीचे 18,000 रुपये इथंच भरावे लागतात. भाषा शिकावी लागेल. 6.9 वर सगळीच दारं उघडतील असंही नाही. गेट, पीजीसीईटी, आयईएलटीएस या परीक्षांचं त्याचं त्याला माहीत असेल, ते मी त्याच्याशी बोलेन.

पण खरं सांगू? मला तुमच्या मुलापेक्षा दुसऱ्याच कुणाबद्दल लिहायचंय.

त्याच तिसऱ्या पानावर, लग्नाच्या वाक्याच्या पुढं, तुम्ही कंसात लिहिलंय: "(धाकटी, पीयूसी दुसरं वर्ष सायन्स, 92 टक्के)". कंसात! मुलाच्या 6.9 ला तुम्ही एक पान दिलंत आणि हिच्या बारावीच्या 92 ला कंस. तेही कशासाठी, तर स्थळाला सांगायला मुलगी शिकलेली आहे एवढ्यासाठी. चार पानांत करिअर मार्गदर्शनाची खरी गरज असलेली विद्यार्थिनी ही आहे आणि तिच्याबद्दल तुम्ही मला काहीच विचारलेलं नाही. तिनं सीईटी दिलीय का? नीट? काय व्हायचंय तिला? कर्नाटकाच्या जागा आहेतच, शिवाय महाराष्ट्राच्या प्रवेशात सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना वेगळा प्रवर्ग आहे. येळ्ळूरच्या माणसाला हे मी सांगायला नको. त्याची कागदपत्रं काढायला दाखल्यांसाठी खेपा घालाव्या लागतात, मुदती सरतात, म्हणून घाई तिच्या बाबतीत आहे. मुलाच्या डिपॉझिटची घाई फक्त एजंटाला आहे.

शिक्षणासाठी 20 गुंठे विकायची तुमची तयारी आहे, हे मी लक्षात ठेवलंय. तेवढी तयारी कमी लोकांची असते. हिच्या चार वर्षांच्या शिक्षणाला त्यातले दोन-तीन गुंठेही विकावे लागतील असं मला वाटत नाही, सरकारी जागा मिळाली तर एकही नाही.

या रविवारी सकाळी 10 ते 1 ऑफिस उघडं आहे. मुलाला एकटं पाठवा, तुम्ही नंतर या. तो बोलायला लागायला अर्धा तास जातो, माझा अनुभव आहे. मुलीला मात्र तुम्ही स्वतः घेऊन या, दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला आणि सीईटीचं हॉल तिकीट असलं तर तेही. एजंटाची फाईल घरी ठेवली तरी चालेल.