सेंटओएस ७ वर रेडिस ६ कंपाइल होत नाहीये, जुना जीसीसी काढून नवीन टाकू का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसचा सर्व्हर सेंटओएस ७ वर आहे, ओएस बदलायला वरून परवानगी नाही, रेडिस ६.० (मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस) चा सोर्स आणून मेक मारलं (म्हणजे कंपाइल करायची कमांड दिली) की अंडरस्कोर ॲटॉमिकच्या नावाने एररची रांग लागते, तर जीसीसी (सोर्सचा प्रोग्राम बनवणारा कंपायलर) काढून नवीन टाकू का.

काढू नका. हातही लावू नका त्याला.

एरर का येतो ते सोपं आहे. रेडिस ६.० च्या कोडमध्ये सी ११ चं (सी भाषेच्या २०११ च्या आवृत्तीतलं) ॲटॉमिक वापरलंय, ते जीसीसीला ४.९ पासून कळायला लागलं आणि सेंटओएस ७ सोबत येतो ४.८.५. थोडक्यात हुकलं. यात तुमचीही चूक नाही आणि रेडिसचीही नाही.

आता मी हे एवढं तावातावाने का लिहितोय, तर २०२० मध्ये हेच सगळं माझ्या गळ्यात पडलं होतं. मी तेव्हा कळव्याला घरून काम करायचो, सर्व्हर महापेला डेटा सेंटरमध्ये, आणि डोक्यावर एक सिनिअर होते ऐरोलीचे, त्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे. मी म्हणलं सर, डेव्हटूलसेट टाकतो (सिस्टमच्या जीसीसीला धक्का न लावता शेजारी बसणारा नवा जीसीसी, एससीएल म्हणजे सॉफ्टवेअर कलेक्शन्समधून मिळतो), दहा मिनिटांचं काम आहे. तर म्हणाले, "ते एससीएल-बिससीएल म्हणजे कुबड्या आहेत रे, जीसीसी ९ सोर्समधून बांध, आमच्या वेळी सगळं हातानेच बांधायचो." आमच्या वेळी म्हणजे कधी देव जाणे, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा माणूस.

तर सोमवार, १२ ऑक्टोबर. तारीख पाठ आहे, का ते कळेलच. सकाळी सातला बसलो. जीसीसीला लागणाऱ्या जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या गणिताच्या लायब्ररी उतरवून घेतल्या, कॉन्फिगर ३२ बिटच्या लायब्ररी नाहीत म्हणून अडलं, मग डिसेबल मल्टिलिब दिलं आणि मेक सोडलं. मशीनला कोअर दोनच. आणि जीसीसी काय एकदा कंपाइल होऊन थांबत नाही, जुन्या कंपायलरने नवा बनतो, त्या नव्याने परत स्वतःला बनवायचं, मग त्याने अजून एकदा, आणि शेवटच्या दोन फेऱ्यांच्या ऑब्जेक्ट फाइल जुळतात का ते तपासायचं. चहा झाला, आंघोळ झाली, दुसरी फेरी चालू होती. दहाच्या सुमारास पंखा थांबला. बाल्कनीतून समोरच्या काकू विचारतायत, तुमच्याकडे पण गेली का. आमच्याकडे काय, मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडेच गेली होती, लोकल जागच्या जागी उभ्या. नंतर कळलं गडबड कळवा-पडघा लाईनची होती, म्हणजे अख्ख्या मुंबईची लाईट घालवली ती आमच्याच गावाने.

लॅपटॉप बॅटरीवर चालू, पण राउटर मेला. टर्मिनलवर एक अर्धवट ओळ आणि तिच्यापुढे कर्सर, बटणं दाबली तरी काही उमटत नाही. महापेला जनरेटर होता, सर्व्हर मजेत होता, फक्त माझं सेशन तुटलं आणि सेशनबरोबर मेकही मेलं कारण मी स्क्रीन (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) लावली नव्हती. ही चूक माझी, सरांची नाही. त्यात लाईट आल्यावर मेक परत मारलं असतं तर सोडलं तिथून उचललं असतं, पण मी घाबरून अख्खा बिल्ड फोल्डर उडवला आणि पहिल्यापासून सुरू केलं. ही पण माझीच अक्कल.

रात्री सरांच्या सांगण्याप्रमाणे सगळं युएसआर लोकल फोल्डरमध्ये गेलं. रेडिस बनलं, चाललं, सर खुश. खरी मजा पुढे आहे. सर म्हणाले आता नवीन कंपायलर आहेच तर आपली ती सी प्लस प्लसची नोटिफिकेशन सर्व्हिस पण याच्यावर बांधून टाकू. बांधली. चालू करायला गेलो तर जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.२१ नॉट फाउंड, कारण बांधताना सी प्लस प्लसची नवीन लायब्ररी (लिबएसटीडीसी प्लस प्लस) सापडली पण चालताना सिस्टमची जुनीच उचलली जाते आणि तिची मजल ३.४.१९ पर्यंत. सरांनी काय केलं, आपल्या बॅश प्रोफाइलमध्ये (स्वतः लॉगिन केल्यावर वाचली जाणारी फाइल) एलडी लायब्ररी पाथ, म्हणजे लायब्ररी कुठे शोधायची तो पत्ता, टाकला, हाताने सर्व्हिस चालवून दाखवली, "बघ, झालं." मी म्हणलं सर, सर्व्हिस आपोआप चालू करणारा सिस्टमडी तुमचं बॅश प्रोफाइल वाचत नाही. "बघू नंतर."

नंतर म्हणजे तीन आठवड्यांनी पॅचिंगसाठी सर्व्हर रिबूट झाला, सर्व्हिस उठेना आणि रात्री दोनला मला फोन. सकाळच्या कॉलवर विचारणा, कंपायलर कोणी टाकला होता? लॉगमध्ये नाव माझं. सर म्यूटवर.

डेव्हटूलसेट असता तर हे झालंच नसतं. तो ऑप्ट आरएच फोल्डरमध्ये वेगळा बसतो, सिस्टमचा जीसीसी जिथल्या तिथे राहतो, आणि लिबएसटीडीसी प्लस प्लसचा जो भाग जुन्या मशीनवर नाही तो थेट तुमच्या बायनरीतच घालून देतो. याला कुबड्या म्हणत असतील तर म्हणोत.

तुमच्यापुरतं म्हणजे सेंटओएस रिलीज एससीएल टाका, मग डेव्हटूलसेट ९, एससीएल एनेबल करून नवीन बॅश उघडा, मेक डिस्टक्लीन मारा (नुसतं क्लीन नको, डेप्स फोल्डरमधले जुने तुकडे तसेच राहतात) आणि मेक. बनलेलं रेडिस चालवायला डेव्हटूलसेट लागत नाही.

हां, एक राहिलंच, सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, नेहमीचे मिरर बंद आहेत, तेव्हा यमच्या (पॅकेज टाकायच्या कमांडच्या) रेपो फाइलमध्ये पत्ता व्हॉल्टचा, म्हणजे जुन्या पॅकेजच्या साठ्याचा, करावा लागेल, एससीएलच्या रेपोचाही. आणि सर्व्हर बाहेरच्या नेटवर उघडा असेल तर परवानगी नाही वगैरे सोडा, वरच्यांशी भांडा. रेडिस ६ मध्ये आलेलं एसीएल (युजरप्रमाणे परवानग्या), टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) यातलं काही नको असेल तर रेडिस ५ तुमच्या ४.८.५ वर मुकाट्याने कंपाइल होतं, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. आणि कोणी म्हणेल नवीन उबंटूवर बांधून बायनरी कॉपी कर, तर तेही नको, सेंटओएस ७ चं जीलिबसी (प्रत्येक प्रोग्रामला लागणारी सी ची मूळ लायब्ररी) २.१७ आहे, जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं नाही.

सर, चुकून वाचत असाल तर, तो जीसीसी ९ युएसआर लोकलमध्ये तसाच आहे. मी नोकरी सोडली त्या दिवशीपर्यंत तरी होता, आणि त्याने दुसरं काहीही बांधलं गेलं नव्हतं.